अँड्र्यू स्ट्रीटवरचं सभागृह

संपादक मंडळाने मला ‘अमेरिकेतील माझे अनुभव’ या विषयावर लिहायला सांगितलं होतं. खरं सांगायचं तर माझे अनुभव म्हणजे सकाळी उठून लॅपटॉप उघडायचा, पुण्याच्या टीमला ‘गुड इव्हिनिंग’ म्हणायचं आणि दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधायच्या. त्याने स्मरणिकेचं अर्धं पानसुद्धा भरणार नाही. म्हणून मी इतिहासावर लिहायचं ठरवलं. इतिहासात मला दहावीला किती मार्क होते हे आपल्या बाईंना आठवत असेल, तर त्यांनी कृपया कुणाला सांगू नये.

इतिहास एका सभागृहाचा आहे. तो आत्ताच सुचायला कारण आपला १९९५ च्या दहावीचा व्हॉट्सॲप ग्रुप. स्नेहसंमेलनासाठी जमलेल्या पैशातून शाळेच्या आवारात ‘माजी विद्यार्थी सभागृह’ बांधावं की नाही, यावर गेले चार महिने तिथे जे चाललं आहे ते सगळ्यांनी वाचलंच आहे. दोघे ग्रुप सोडून गेले, एकाला परत घेतलं. मी तेव्हा काही बोलले नाही. आता सविस्तर बोलते.

मी बॉस्टनजवळ राहते. बॉस्टनच्या उत्तरेला समुद्राकाठी दहा-बारा मैलांवर लिन नावाचं शहर आहे. एकेकाळी चपला-बुटांचं गाव म्हणून ते साऱ्या देशात माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकून वेळ घालवायला मी तिथल्या अँड्र्यू स्ट्रीटवरून चालले होते. तिथे लाल विटांची एक जुनी भारदस्त इमारत दिसली. सन १८८५ ची. आपल्याकडे १८८५ म्हटलं की काँग्रेसची स्थापना. बाईंनी ते साल इतक्या वेळा घोकून घेतलंय की दगडावर कोरलेलं दिसलं तरी मी मनात ‘मुंबई, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा’ असं म्हणते. (बघा बाई, काही तरी राहिलंय डोक्यात.) त्या दिवशी इमारतीचं दार बंद होतं. पण ती कुणाची हे कळल्यावर मी पुन्हा गेले, वेळ ठरवून.

ती इमारत होती माजी सैनिकांची.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ असं चाललं. उत्तरेच्या बाजूने वीस लाखांहून जास्त माणसं लढली, त्यातली साडेतीन लाखांवर मेली. जी घरी आली त्यांची संघटना ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’. इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावी ६ एप्रिल १८६६ रोजी बेंजामिन स्टीफन्सन नावाच्या एका लष्करी डॉक्टरने ती सुरू केली. गावोगाव तिच्या शाखा निघाल्या. शाखेला ‘पोस्ट’ म्हणत, प्रत्येक पोस्टला नंबर आणि बहुधा एखाद्या मेलेल्या अधिकाऱ्याचं नाव. लिनची पोस्ट नंबर पाच, नाव जनरल फ्रेडरिक लँडर.

हा लँडर मला आपला वाटला, कारण तो मुळात इंजिनियर. शेजारच्या सेलम गावचा. युद्धाआधी पश्चिमेकडे रेल्वेची आणि रस्त्यांची पाहणी करत हिंडला. ऑरेगॉनला बैलगाड्या घेऊन जाणाऱ्या लोकांसाठी त्याने शोधून काढलेली वाट अजून त्याच्या नावाने ओळखली जाते. लढाईत तो जखमी झाला होता, पण १८६२ च्या मार्चमध्ये छावणीतच न्यूमोनियाने गेला. आपल्या नावाची पोस्ट निघेल, तिचं सभागृह होईल आणि दीडशे वर्षांनी सातारा जिल्ह्यातली एक बाई तिथे उभी राहील, असलं काही त्याच्या नकाशात नव्हतं.

इंजिनियरांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने सैन्य मागितल्यावर जी पथकं लगेच निघाली त्यात मॅसॅच्युसेट्सची आठवी पलटण होती आणि तिच्यात लिनची माणसं होती. ही पलटण वॉशिंग्टनला जाताना ॲनॅपोलिसला अडकली. विरोधकांनी रूळ उखडले होते आणि स्टेशनात एक मोडकं इंजिन सोडलेलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, कुणाला हे चालू करता येईल का? बेव्हर्लीच्या तुकडीतला चार्ल्स होमन्स नावाचा शिपाई पुढे आला. त्याने इंजिन निरखून पाहिलं आणि म्हणाला, हे तर आमच्याच कारखान्यातलं. त्यानेच ते दुरुस्त केलं, बाकीच्यांनी रूळ पुन्हा टाकले. कारागिरांची पलटण होती ती. लिनचे बहुतेक चांभारकाम करणारे, बुटांच्या कारखान्यातले. त्याच लोकांनी वर्षभर आधी, २२ फेब्रुवारी १८६० रोजी, मजुरीसाठी देशातला तोवरचा सर्वांत मोठा संप सुरू केला होता. म्हणजे सभागृह बांधणारे जहागीरदार नव्हते, हातात आरी धरणारे होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आत गेलं की जिना. वर सभेचा मोठा दालन. आणि भिंतींवर फोटो, एकाला एक लागून, बाराशेहून जास्त. सगळे पोस्टचे सदस्य, बहुतेक उतारवयातले. पांढऱ्या दाढ्या, मिशा, कोटावर पाच टोकांचा बिल्ला. मी आधी हॉलकडे बघतच नव्हते, चेहऱ्यांकडेच बघत होते. एक म्हातारा हुबेहूब आपल्या शाळेतल्या घंटा देणाऱ्या मामांसारखा दिसत होता, फक्त टोपी वेगळी.

अशा सभा कशा चालत हेही मजेशीर आहे. एका टोकाला अध्यक्ष म्हणजे कमांडर, समोरच्या टोकाला उपाध्यक्ष, मध्ये एक वेदी आणि तिच्यावर बायबल. दारावर पहारा, आत यायला परवलीचा शब्द. नवा सदस्य घ्यायचा तर पेटीत पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या टाकून मतदान, काळ्या जास्त निघाल्या तर अर्ज बाद. कर्नल असो की शिपाई, सभेत सगळे ‘कॉम्रेड’. सुरुवातीला त्यांनी यातही पायऱ्या केल्या होत्या: रिक्रूट, सोल्जर, व्हेटरन. लोक कंटाळून निघून गेले. १८७५ च्या आसपास देशभरात तीसेक हजारच सदस्य उरले. पायऱ्या काढून टाकल्या तेव्हा माणसं परत यायला लागली. आपल्या ग्रुपमध्ये ‘संस्थापक सदस्य’, ‘आजीव सदस्य’ आणि ‘साधे सदस्य’ असे तीन प्रकार करायची सूचना आली होती, त्या मित्राने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

माणसं परत आली त्याला दुसरंही कारण होतं, आणि ते जास्त खरं: पेन्शन.

इथे मला आपल्या गावाकडे वळलं पाहिजे. आपल्यातल्या निम्म्या जणांच्या घरात कुणी ना कुणी फौजी. आपला जिल्हाच तसा. नववीच्या सहलीत अपशिंग्याला गेलो होतो आठवतंय? गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, त्यांचा स्तंभ आहे तिथे. आपण त्या स्तंभाजवळ बसून डबे खाल्ले आणि सरांचा ओरडा खाल्ला. माझे अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. एकाहत्तरची लढाई पाहिलेले, त्र्याऐंशी साली हवालदार म्हणून रिटायर झाले आणि पुढे बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. मला शाळेत सोडताना ते त्याच गणवेशात असत. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. हे कधी तरी लिहायचं होतं, आज लिहिलं.

एस.टी. स्टँडमागे, पिठाच्या गिरणीला लागून एक खोली होती, बाहेर ‘माजी सैनिक’ असा हाताने रंगवलेला बोर्ड. तुमच्यातल्या कितीजणांना आठवते माहीत नाही. पत्र्याच्या खुर्च्या, कॅरमबोर्ड, भिंतीवर परमवीरचक्रवाल्यांच्या फोटोंचं कॅलेंडर, एक टाइपरायटर आणि सगळ्यावर गिरणीच्या पिठाचा पांढरा थर. अण्णा ड्युटी संपली की तिथे जायचे. आई म्हणायची, घर सोडून तिथे काय ठेवलंय? मलाही तेच वाटायचं. पत्ते आणि गप्पा, दुसरं काय.

मी सातवीत असताना आपल्या वर्गातल्या एकीचे वडील ड्युटीवर वारले. तिच्या आईची पेन्शन अडकली, कारण पलटणीच्या नोंदीत त्यांचं नाव माहेरचं होतं आणि रेशनकार्डावर सासरचं. त्या बाई आणि या बाई एकच, एवढं सिद्ध करायला तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत त्या खोलीतल्या एका रिटायर्ड सुभेदारांनी टाइपरायटरवर पत्रांमागून पत्रं बडवली, अण्णा आणि आणखी दोघांनी सरपंचांचे दाखले, लग्नाच्या साक्षी, प्रतिज्ञापत्रं गोळा केली. पेन्शन सुरू झाली तेव्हा त्या माउलीने खोलीत पेढे वाटले. मैत्रिणीने मला हे लिहायची परवानगी दिली आहे. ती म्हणाली, नाव नको, पण लिही.

लिनच्या सभागृहात उभं राहून मला नेमकी ती खोली आठवली, कारण तिथे जे चालायचं तेही हेच. युद्धात जखमी झालेल्यांना पेन्शन होती, पण जखम युद्धातलीच हे सिद्ध करायचं कुणी? हॉस्पिटलचे कागद नाहीत, डॉक्टर मेलेला. मग बरोबरच्या दोन सैनिकांची प्रतिज्ञापत्रं लागत: होय, मी याच्या शेजारी होतो, मी पाहिलं. ते दोघे कुठे सापडणार? पोस्टमध्ये. दर आठवड्याला तिथे भेटणारी माणसं एकमेकांची साक्ष होती. विधवांचं तर आणखी कठीण. गुलामगिरीतून सुटून सैन्यात गेलेल्या काळ्या सैनिकांच्या बायकांकडे लग्नाचा कागद कुठून असणार, गुलामांच्या लग्नाला कायदाच नव्हता. शेवटी १८६४ मध्ये नवराबायको म्हणून एकत्र राहत होतो एवढा पुरावा चालेल असा कायदा करावा लागला.

ग्रँड आर्मीने पेन्शनसाठी राजकारणही तुफान केलं, ते झाकायचं कारण नाही. अध्यक्ष क्लीव्हलंडने १८८७ मध्ये एक पेन्शन विधेयक नाकारलं. त्याच वर्षी दक्षिणेच्या पलटणींचे जिंकलेले झेंडे परत करायचा हुकूम काढला, तेव्हा म्हातारे असे खवळले की त्याला तो मागे घ्यावा लागला. क्लीव्हलंड स्वतः युद्धात गेला नव्हता, पैसे देऊन बदली माणूस पाठवला होता, हे ते विसरले नव्हते. पुढच्या वर्षी तो निवडणूक हरला. १८९० साली नवा कायदा आला: नव्वद दिवस नोकरी केलेली आणि आता कष्टाचं काम होत नाही एवढं पुरे, जखम युद्धातली असण्याची गरज नाही. त्याच वर्षी ग्रँड आर्मीची सदस्यसंख्या शिखरावर होती, ४ लाख ९ हजारांच्या वर. काही वर्षांतच केंद्र सरकारच्या खर्चातले चाळीसेक टक्के एकट्या पेन्शनवर जाऊ लागले. लोक टीका करत, खोटे लंगडे म्हणत. काही असतीलही. मी कोड लिहिणारी बाई आहे. कुठलीही यंत्रणा उभी केली की तिचा गैरफायदा घेणारे येतात, म्हणून ती बंद करायची नसते.

त्या पेन्शनचा शेवट ऐकून तर मी चाट पडले. आयरीन ट्रिपलेट नावाच्या बाई ३१ मे २०२० रोजी नव्वदाव्या वर्षी वारल्या. वडील यादवी युद्धातले सैनिक, म्हातारपणी दुसरं लग्न केलेले. मुलगी अपंग म्हणून तिला वडिलांची पेन्शन चालू होती, महिना ७३ डॉलर १३ सेंट. १८६५ ला संपलेल्या युद्धाची पेन्शन कोविडच्या साली बंद झाली. अण्णांना फोनवर सांगितलं तर ते हसून म्हणाले, ‘‘आणि आमच्या वन रँक वन पेन्शनला इतका उशीर का, म्हणून विचारत होतो!’’ तो आदेश आपल्याकडे नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला. अण्णा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते.

ग्रँड आर्मीने आणखी एक गोष्ट केली जी अमेरिकेत अजून सगळे पाळतात. तेव्हाचा प्रमुख जॉन लोगन याने मे १८६८ मध्ये आदेश काढला की ३० मे रोजी सगळ्या पोस्टनी मेलेल्या सोबत्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायची. तोच आजचा मेमोरियल डे, १९७१ पासून मे महिन्यातला शेवटचा सोमवार. आता त्या दिवशी लोक अंगणात मांस भाजतात आणि गाद्यांचे सेल लागतात. आपल्या ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचं काय वेगळं? १९४९ पासून पाळतोय. शाळेत आपण डबे फिरवून तिकिटं खपवायचो; कोण जास्त खपवतो याची चुरस असायची, पैसे कुणाला जातात हे एकालाही माहीत नव्हतं. अण्णांच्या खोलीतल्या लोकांच्या मुलांच्या वसतिगृहालाच जात होते.

कुणाला आत घेतलं आणि कुणाला नाही, हेही बघायला हवं. नियमाप्रमाणे ग्रँड आर्मीत काळा-गोरा भेद नव्हता आणि त्या काळच्या अमेरिकेत ही फार मोठी गोष्ट होती. पण गोळ्या टाकून मतदान असलं की नियम काहीही असो. अनेक ठिकाणी काळ्या सैनिकांच्या पोस्ट वेगळ्याच झाल्या, बॉस्टनमध्ये रॉबर्ट बेल पोस्ट नंबर १३४ होती. याच राज्याच्या चोपन्नाव्या काळ्या पलटणीला गोऱ्यांना १३ डॉलर असताना १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ कापून ७ देऊ केले. पलटणीने दीड वर्ष एक पैसाही घेतला नाही. लढले, मेले, पण कमी पगार घेतला नाही. १८६४ मध्ये सरकारला हात टेकावे लागले. हे मी वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि सकाळी सात वाजता मीटिंग होती.

बायकांना सदस्यत्व नव्हतं. त्यांची मदत-संस्था वेगळी, ‘वुमन्स रिलीफ कोअर’. ती आधी मॅसॅच्युसेट्समध्ये १८७९ साली राज्यभर उभी राहिली आणि १८८३ मध्ये देशाची झाली. विधवांचे अर्ज, अनाथांची सोय, शाळाशाळांत झेंडे देणं, ही कामं त्यांची. म्हणजे मिरवणूक पुरुषांची आणि हिशेबाची वही बायकांची. ओळखीचं वाटतंय ना? एक अपवाद मात्र झाला. सेरा एम्मा एडमंड्स नावाची बाई फ्रँकलिन थॉम्पसन असं पुरुषाचं नाव घेऊन मिशिगनच्या दुसऱ्या पलटणीत दोन वर्षं होती. म्हातारपणी तिने खरं सांगितलं, जुन्या सोबत्यांनी साक्षी दिल्या, तिला पेन्शन मिळाली आणि १८९७ मध्ये टेक्ससमधल्या एका पोस्टने तिला सदस्य करून घेतलं.

आता सभागृहांबद्दल. अशी शेकडो सभागृहं देशभर झाली. कुठे खाली दुकानं काढून भाडं घ्यायचं आणि वर सभा, कुठे सार्वजनिक इमारतीतच एक दालन. शिकागोला तर मोठाच वाद झाला: एकाच जागेवर सैनिकांना स्मारक हवं होतं आणि शहराला ग्रंथालय. तोड अशी निघाली की १८९७ मध्ये जे ग्रंथालय उभं राहिलं त्याच्या उत्तर भागात ग्रँड आर्मीचा हॉल, डोक्यावर रंगीत काचेचा घुमट. तो घुमट अलीकडेच, २०२२ च्या सुमारास दुरुस्त करून झाला, मी शिकागोला कामाला गेले असताना पाहिला. पेन्सिल्वेनियातल्या कार्नेगी गावात पोस्टची खोली ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर होती. शेवटचे म्हातारे गेले, कुणी तरी खोलीला कुलूप लावलं आणि पन्नासेक वर्षं ती तशीच राहिली. उघडली तेव्हा खुर्च्या, फोटो, वस्तू जागच्या जागी. आता ती नीट करून लोकांना दाखवतात.

पण हे सगळं टिकलेलं. बाकीची सभागृहं गेली. हे होणारच होतं, कारण ग्रँड आर्मीच्या नियमांतच त्याची सोय होती. सदस्य कोण होऊ शकतो? १२ एप्रिल १८६१ ते ९ एप्रिल १८६५ या काळात उत्तरेच्या बाजूने लढलेला आणि सन्मानाने सेवामुक्त झालेला. बस्स. १८६५ च्या एप्रिलनंतर त्यात एकही पात्र माणूस नव्याने तयार होणार नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर नवे युजर बंद, जुने कमी होत जाणार. मुलांची वेगळी संघटना १८८१ मध्ये निघाली, ती अजून आहे, पण म्हाताऱ्यांनी आपल्यात त्यांना घेतलं नाही. आपण संपणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी त्यांनी विटांची इमारत बांधली.

शेवटचं अधिवेशन १९४९ च्या ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला झालं. त्यावेळी जिवंत सदस्य सोळा. त्यातले सहा जण येऊ शकले, सगळे शंभरीच्या आसपासचे. पोस्ट खात्याने त्यांच्यासाठी तीन सेंटचं तिकीट काढलं. सोळातले शेवटचे अल्बर्ट वुल्सन, युद्धात ढोल वाजवणारा पोरगा होते, २ ऑगस्ट १९५६ रोजी मिनेसोटातल्या डुलुथला गेले. वय तेव्हा १०९ धरलं होतं, जुन्या जनगणना तपासल्यावर १०६ निघतं. त्यांच्याबरोबर संघटना संपली, कागदोपत्रीही बंद केली.

आपणही तसेच आहोत की. १९९५ च्या दहावीत नवीन कुणी येणार नाही. आपण बहात्तर होतो, आता अडुसष्ट आहोत. या चौघांपैकी दोघं गेल्याचं मला ग्रुपवरच कळलं.

तेव्हा सभागृहाबद्दल माझं म्हणणं असं. बांधा. माझा हिस्सा मी पाठवलाय. पण आपल्या बॅचच्या नावाने ट्रस्ट काढून त्याची मालकी आपल्याकडे ठेवू नका. लिनचं सभागृह टिकलं कारण ते पुढे शहराचं झालं, १९७९ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेलं आणि आज संग्रहालय म्हणून उघडतं. बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी बांधलं आणि गावाला देऊन टाकलं, म्हणून फोटो भिंतीवर राहिले. आपलं सभागृह पहिल्या दिवसापासून शाळेचं असू दे. एक खोली मात्र मागून घ्या, खाली, रस्त्याच्या बाजूला, जिन्याशिवाय. तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. गावातल्या म्हाताऱ्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, पण ते करून कोण देणार? माझ्या आईला मी अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर चार वेळा समजावलं, पाचव्या वेळी शेजारच्या मुलाने दोन मिनिटांत केलं. सैनिकांच्या विधवांचेच असं नाही, कुणाचेही अर्ज. त्याचं सॉफ्टवेअर, लागेल ते, मी बघते. मला तेवढंच येतं.

एस.टी. स्टँडमागची खोली आता नाही. गिरणीच्या जागेवर शॉपिंग कॉम्प्लेक्स झालं तेव्हा ती पाडली. सुभेदारकाका त्याआधीच गेले होते. अण्णा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, विमानं बंद होती, मी पोचले नाही. खोलीतल्या उरलेल्या चौघांनी त्यांना खांदा दिला आणि त्यांच्यातल्या एकाने फोन कानाशी धरून मला शेवटपर्यंत सगळं ऐकवलं. आईने त्यानंतर परत कधी ‘तिथे काय ठेवलंय’ म्हटलं नाही.

लिनच्या भिंतीवर बाराशेहून अधिक चेहरे आहेत. आपल्या खोलीतल्या माणसांचा एकही एकत्र फोटो माझ्याकडे नाही. पण खोलीत एक जाड रजिस्टर होतं, काळ्या रेक्झिनचं, लाल कडांचं. त्यात प्रत्येकाचं नाव, पलटण, गाव आणि कुणाचा कुठला अर्ज कुठवर आला याची नोंद. सुभेदारकाकांचं अक्षर टाइपरायटरसारखंच सरळ. खोली पाडताना सामान कुणी तरी टेम्पोत घालून नेलं, एवढंच आईला आठवतं. टेम्पो आपल्याच वर्गातल्या कुणाच्या तरी घरचा होता असं ती म्हणते. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात ते रजिस्टर असेल तर मला कळवा. संमेलनाला मी येते आहे, तेव्हा बरोबर आणलंत तर फारच बरं. स्कॅनर मी घेऊन येते.